संवाद नाही

नोंदी तपासायला बाई येणार असं कळलं की वॉर्डातल्या नर्सेस आधी खुर्ची पुसत, मग टेबल, आणि मग उगाचच एकमेकींना विचारत, "माझं अक्षर लागतं ना गं?" बाईंचं काम तसं पाहिलं तर साधं. मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स रुग्णाशी काय बोलली, रुग्ण तिच्याशी काय बोलला आणि त्यातलं कागदावर किती उतरलं, हे त्या बघत. एका इस्पितळातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तोंडावर सगळ्या त्यांना मॅडम म्हणत, पाठीमागे 'लाल पेन'. ते नाव बाईंच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते फारसं लागलंही नव्हतं. निम्मं आयुष्य त्यांनी स्वतः वॉर्डात उभ्यानं काढलं होतं. टाचांना अजून ते आठवायचं.

पद्धत त्यांची स्वतःची. अर्धा दिवस वॉर्डाच्या एका कोपऱ्यात बसायचं, बघायचं, चकार शब्द बोलायचा नाही. पाळी संपली की त्याच पाळीच्या नोंदी मागवायच्या. मग डोळ्यांनी पाहिलेलं आणि कागदानं सांगितलेलं शेजारी शेजारी उभं करायचं, दोन बहिणींना पाठीला पाठ लावून उंची बघावी तसं. कागद नेहमी थोडा बुटका निघायचा. त्याला इलाज नाही. फारच बुटका निघाला तर मात्र बाई पेन उघडत.

या बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर गोल, लगबगीची आणि बोलायला पटाईत होती. फायलींचा ढीग तिनं असा पुढे ठेवला, जणू लेकीचं विणकाम दाखवतेय.

"एक जागा रिकामी सापडली, मॅडम, तर माझं नाव बदला."

खरंच नव्हती. औषध, जेवण, झोप, वागणं, संवाद, सगळ्या चौकटी भरलेल्या. बाई पानं उलटत गेल्या आणि खिडकीशेजारच्या खाटेच्या फाइलीपाशी त्यांचा हात मंदावला.

'रुग्ण शांत. जेवण घेतले. संवाद नाही.'

पान उलटलं. रुग्ण शांत, जेवण घेतले, संवाद नाही. पुढचं पान, त्याच्या पुढचं. मूल निजेपर्यंत पाळण्याचं एकच कडवं गात राहावं, तशी तीच तीन वाक्यं पानापानांवर झुलत होती. सकाळच्या पाळीचं अक्षर सगळीकडे एकच होतं, उभं, सडसडीत.

"ही कोण?"

"ही होय? शिवणवाली," इन्चार्ज सिस्टर म्हणाली. "कपडे शिवायची पूर्वी. आता जिभेला टाका घालून बसलीय. आली तेव्हा बोलायची हो, चांगली भांडायची. मग एकदम कुलूप. या आठवड्यात डॉक्टरांची बैठक आहे, त्यात तिला मागच्या इमारतीत हलवायचं ठरेल. भाऊ न्यायला तयार नाही, दुसरं कुणी नाही, आणि ही बोलत नाही. मग खाट किती दिवस अडवायची?"

मागची इमारत खिडकीतून दिसत होती. लांबट, पिवळी, कपडे वाळत घातलेली. तिथं माणसं औषधानं नाही, सवयीनं राहत. तिथून कुणी घरी गेलंच नाही असं नव्हतं. फक्त ते सांगताना सगळे एकाच बाईचं उदाहरण देत.

"आणि हे अक्षर कुणाचं?"

"उंच सिस्टरचं. बोलावू?"

"नको. मला तिचं काम बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई व्हरांड्यात बसल्या. उंच सिस्टर नावाला जागणारी होती, दारातून येताना सवयीनंच मान झुकवायची. औषधं वाटताना प्रत्येकीच्या खाटेवर घटकाभर टेकायची. एकीनं गोळी जिभेखाली दडवली, तर म्हणाली, "ती काय चॉकलेट आहे होय, चघळायला? गिळ, आणि मला आ करून दाखव." ती रुग्ण हसली आणि तिनं गोळी गिळली. बाईंनी मनातल्या मनात शाबासकी दिली.

मग धोबीखान्यातून चादरींचं गाठोडं आलं. व्हरांड्याच्या टोकाला चादरींची खोली होती, दार उघडं. उंच सिस्टरनं खिडकीशेजारच्या खाटेकडे बघून नुसती मान हलवली. शिवणवाली उठली. बारीक चणीची बाई, केसांत पांढरं डोकावू लागलेलं, पण चाल अशी की कापडाच्या ताग्याकडे निघालीय.

दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरली. मागं सरल्या, ताण दिला, झटकली. चादर पोटभर वारा पिऊन फुगली आणि बसली. मग दोघी पुढं आल्या, टोकाला टोक मिळालं, बोटांना बोटं लागली. तेवढ्यात, त्या जवळ आल्याच्या क्षणात, शिवणवालीचे ओठ हलले. उंच सिस्टरनं मान डोलावली. पुन्हा दोघी मागं गेल्या. पुन्हा पुढं. दूर असताना दोघी गप्प, जवळ आल्या की बोल. उंच सिस्टर मधूनच गुणगुणत होती, आणि व्हरांड्यापर्यंत अर्धंमुर्धं ऐकू येत होतं:

"चादरीची घडी गं, कोनावर कोन,
मनातल्या गुजाला जामीन कोण..."

एकदा शिवणवाली काहीतरी बोलली आणि दोघी इतक्या हसल्या की घडी वाकडी झाली आणि पुन्हा उलगडावी लागली. एकदा शिवणवाली चादर छातीशी धरून नुसतीच उभी राहिली, आणि सिस्टर आपलं टोक न सोडता थांबली. गाठोडं संपेपर्यंत हे चाललं. बाईंनी आजवर कितीतरी वॉर्ड पाहिले होते. असं बोलणं पाहिलं नव्हतं.

पाळी संपली. बाईंनी फाइल मागवली. शाई पुरती वाळलीही नव्हती.

'रुग्ण शांत. जेवण घेतले. संवाद नाही.'

बाईंच्या कानशिलाशी काहीतरी तडकलं. कागद बुटका असतो, हे त्यांना मान्य होतं. हा कागद बुटका नव्हता. खोटा होता.

त्यांनी उंच सिस्टरला चादरींच्या खोलीतच गाठलं. ती फळीवर घड्या रचत होती.

"सिस्टर, तुम्ही दोघी इथं मघाशी काय करत होता?"

"चादरी घडी करत होतो, मॅडम."

"मुक्यानं?"

सिस्टरचा हात घडीवर थांबला. तिनं दाराकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्ही व्हरांड्यात होतात, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आज चादरी नकोतच करायला, असंही मनात आलं. पण ती सकाळपासून गाठोड्याची वाट बघते. तिला काय सांगू? आज बाई बघतायत, तेव्हा आज तू मुकी?"

"मी तुम्हाला विचारतेय ते लिहिण्याबद्दल."

"मी पण तेच सांगतेय. तुमच्या प्रशिक्षणाला मी आले होते. मागच्या बाकावर होते, उंच आहे ना, मागंच बसवतात. तुम्ही शिकवलंत, रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा. आपले घालू नका, तिचे गाळू नका. मला पटलं. इथं येऊन मी तसंच करायला लागले. तेव्हा ही बोलायची. एक दिवस भावावर चिडली होती. ही इथं असताना भावानं हिचं शिलाई मशीन विकून टाकलं. आईच्या मागं त्या मशीनवर हिनं त्याला वाढवलंय, मॅडम. ही म्हणाली, 'समोर येऊ दे, गळाच धरते त्याचा.' मी लिहिलं. जसंच्या तसं. मशीनचं लिहिलं नाही, कारण ते ती आदल्या दिवशी बोलली होती, आणि त्या दिवशी माझी सुट्टी होती, ते दुसरीनं ऐकलं आणि सोडून दिलं."

"मग?"

"मग बैठकीत ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं. भावाच्या समोर, हिच्याही समोर. भावानं हात जोडले. म्हणाला, 'बघा, घरी माझी लहान लेकरं आहेत, मी हिला कसा नेऊ?' घरी सोडायचं ठरत आलं होतं, ते राहिलं. औषध वाढलं. कितीतरी दिवस ही नुसती झोपून. उठली ती अशीच, ओठ मिटून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी दिला तिला, सुवाच्य अक्षरात."

बाईंना पाणी प्यावंसं वाटलं. खोलीत पाणी नव्हतं, साबणाचा वास होता.

"पुष्कळ दिवसांनी इथं, घडी करताना, बोलली," सिस्टर पुढं म्हणाली. "पहिलंच वाक्य, 'लिहिलंत तर ही शेवटची चादर.' दुधानं तोंड पोळलेलं माणूस ते. मी शब्द दिला."

"आणि आता ती मागच्या इमारतीत निघालीय. तुमच्या शब्दावर बसून."

"ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?" सिस्टरचा आवाज फाटला. "हिची मामेबहीण आहे. तिचं शिवणाचं दुकान आहे, एक मशीन नुसतं पडून असतं. हिनंच सांगितलं. मी फोन केला. ती म्हणाली, इस्पितळानं बोलावलं तर येते. मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, 'सिस्टर, ही बोलत नाही असं तुम्हीच रोज लिहिता. मग मामेबहिणीचं तुम्हाला कुणी सांगितलं, भिंतीनं?' काय बोलणार? तशीच परत आले."

बाहेर कुणीतरी उंच सिस्टरला हाक मारत होतं. ती डोळे पुसून, मान झुकवून दाराबाहेर गेली. बाई घड्या मोजल्यासारखं करत थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मोजत काहीच नव्हत्या.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान भाजी निवडत होते. बस चालवण्याचं काम त्यांचं, पहाटेची फेरी असली की संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे.

"आज किती जणींना नापास केलंस?"

"अजून एकीलाही नाही."

"मग तब्येत बरी नाही का तुझी?"

बाईंनी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात आतल्या खोलीतून किंकाळी आली. धाकटी धावत आली आणि बापाच्या मागं लपली. पाठोपाठ थोरली, हातात नवा कोरा सदरा, त्याच्या बाहीवर शाईचा पसरलेला डाग.

"न विचारता घातला हिनं! आज हिचा गळाच दाबते मी! सोडा बाबा तिला!"

"आई, मारून टाकेल ही मला!"

"मारून झालं की ताटं घ्या," यजमान भाजीतून मान वर न करता म्हणाले.

थोरलीला हसू फुटलं. धाकटी बापाच्या काखेतून जीभ काढून दाखवायला लागली. घरात उकळी आल्यासारखं झालं आणि शमलं. पाच मिनिटांनी दोघी मिळून बाहीला साबण चोळत होत्या.

बाई मात्र पाय न धुता तशाच खुर्चीत बसून राहिल्या. आज हिचा गळाच दाबते. जसंच्या तसं. अवतरण चिन्हात. खाली तारीख आणि सही. इतकी वर्षं त्या हेच शिकवत आल्या होत्या, आणि ते खोटं नव्हतं. शब्द तिचेच होते. पण त्यांच्या भोवतालचा डाग, सदरा, भाजी निवडणारा बाप, हे कुठल्या चौकटीत लिहायचं? घरात बोललेलं वाक्य भिंतींना लागून विरून जातं. वॉर्डात बोललेल्या वाक्याला भिंत नसते, सरळ कागद असतो.

"जेवायचं नाही का?" यजमान विचारत होते.

"येते," त्या म्हणाल्या. खरं तर त्या विचारांच्या वाटेवरून परत यायला त्यांना वेळ लागत होता.

सकाळी त्यांनी उंच सिस्टरला एकच विचारलं. "मी तिच्याशी बोलले तर चालेल का? तुमच्यासमोर."

"मला काय विचारता? तिला विचारा."

गाठोडं आलं. यावेळी खोलीत तिघी. शिवणवालीनं बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे.

"लिहिणाऱ्या बाई ना तुम्ही?"

आवाज जाडसर होता, वापर नसलेल्या बिजागरीसारखा. बाई दचकल्या. त्यांना वाटलं होतं, विनवावं लागेल.

"लिहिलेलं तपासणारी."

"म्हणजे त्याहून वाईट." तिनं चादरीची दोन टोकं उचलून बाईंच्या हातात दिली. "धरा. नीट धरा, कोन सुटला की घडी गेली."

बाई आणि ती, दोघी मागं सरल्या. झटकताना बाईंच्या हातून टोक निसटलं.

"सवय गेली वाटतं," शिवणवाली म्हणाली.

"गेली. अहो, सिस्टरनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर रागावू नका. मीच खोदून विचारलं."

शिवणवालीनं उंच सिस्टरकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते बाईंना वाचता आलं नाही. सिस्टरनं नजर खाली घातली.

"बैठकीत तुम्हाला मागच्या इमारतीत पाठवायचं ठरणार आहे," बाई म्हणाल्या. "तिथून मामेबहिणीचं दुकान फार लांब पडेल."

चादर मध्ये ताणलेली राहिली. बराच वेळ कुणी पुढं आलं नाही.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय तिथं?" शिवणवालीनं विचारलं. "एवढ्या दिवसांत. वाचून दाखवा आधी."

रुग्णाला फाइल वाचून दाखवायची पद्धत नव्हती. बाईंनी स्वतःच कुठंतरी तसा नियम समजावून सांगितला होता. त्या गेल्या आणि फाइल घेऊन आल्या. चादरींच्या गाठोड्यावर बसून वाचायला लागल्या. रुग्ण शांत, जेवण घेतले, संवाद नाही. रुग्ण शांत, जेवण घेतले, संवाद नाही. वाचता वाचता त्यांच्या आवाजाला आपोआप हेल आला, आणि तो हेल त्यांना सहन होईना, पण शिवणवाली थांबा म्हणेना. आधी ती हसत होती. "जेवण घेतले म्हणे. त्या दिवशी तर मी ताट ढकललं होतं." मग हसायची थांबली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलू लागले.

"मेलेलं माणूस याच्यापेक्षा जास्त बोलतं," ती म्हणाली.

उंच सिस्टर पुढं झाली, पण तिनं हातानंच तिला लांब ठेवलं.

"तुम्ही राखलात माझा शब्द, सिस्टर. मी मागितला म्हणून राखलात. पण ही बाई मी नाही." तिनं फाइलीवर बोट ठेवलं. "लिहा. आज लिहा. पण मी सांगते तसं, आणि लिहून झालं की मला वाचून दाखवायचं. चुकलं तर उसवून पुन्हा."

सिस्टरनं पेन काढलं. शिवणवाली माप सांगावं तसं तुटक, नेमकं बोलत गेली. मामेबहिणीचं नाव, तिचं दुकान, पडून असलेलं मशीन. भावाकडे जायचं नाही. झोप येत नाही, पण ती मशीनच्या आवाजाची सवय होती म्हणून. कधी कधी कानात कुणीतरी नाव घेऊन बोलावतं, ते औषधानं कमी झालंय, गेलेलं नाही. हे सांगताना तिनं क्षणभर बाईंकडे पाहिलं, घाबरल्यासारखं, आणि तरी सांगितलं.

"आणि गळा धरीन म्हणाले होते, ते राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "खोटं नव्हतं ते. पण त्याच्या आधी मशीनचं लिहा. आधी त्यानं विकलं, मग मी बोलले. क्रम चुकवू नका."

सिस्टरनं लिहिलं, वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'रागाच्या भरात' असं तिनं स्वतःहून घातलं होतं. "ही तुमची टीप आहे, काढा," शिवणवाली म्हणाली. काढलं. मग तिनं खाली सही केली, प्रत्येक अक्षर सुटं.

ती खाटेवर परत गेल्यावर दोघी मागं उरल्या.

"काल मुकी आणि आज एवढं?" उंच सिस्टर हळूच म्हणाली. "डॉक्टर विचारणारच. नाहीतर म्हणतील, मीच रचलंय."

"हो."

"मग आधीचं सगळं खोटं होतं, हे मला सांगावं लागेल."

"हो. आणि मला ते माझ्या अहवालात लिहावं लागेल." बाई म्हणाल्या. "मी गाळलं, तर आजच्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. कारणही लिहीन. माझ्या शिकवण्याचंही लिहीन. पण त्यानं तुमचं कितपत वाचेल, ते मला माहीत नाही."

"तुम्ही चांगल्या आहात की वाईट, तेच कळत नाही मला, मॅडम."

बाईंनी फाइल मिटून तिच्या हातात दिली.

बैठकीला डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, उंच सिस्टर आणि कोपऱ्यात बाई. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. त्यांनी नवी नोंद वाचली. पुन्हा वाचली. मग जुनी पानं उलटली.

"सिस्टर, आता मी यातल्या कुठल्या नोंदीवर विश्वास ठेवू?"

"जिच्याखाली तिची सही आहे तिच्यावर."

"आणि बाकीच्या?"

"त्या मी लिहिल्या. संवाद होत होता. मी 'नाही' लिहिलं."

इन्चार्ज सिस्टरच्या तोंडून 'अगं बाई' एवढंच निघालं. एकही रिकामी जागा नसलेल्या त्या फायलींकडे ती अशी बघत होती, जणू त्यांनी तिला चारचौघांत तोंडघशी पाडलं. बाईंनी आपलं म्हणणं मांडलं, मशीनचं, भावासमोर वाचलेल्या वाक्याचं, आपल्या प्रशिक्षणाचं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मध्येच चष्मा काढून डोळे चोळले. त्या वाक्यानंतर औषध त्यांनीच वाढवलं होतं.

मामेबहिणीला बोलवायचं ठरलं. इमारत बदलणं थांबलं. आणि त्याच श्वासात, त्याच शाईत, हेही ठरलं की चौकशी होईपर्यंत उंच सिस्टर वॉर्डात येणार नाही. तिला बाहेरच्या रुग्णांच्या खिडकीवर बसवायचं, केसपेपर द्यायला. तिथं कुणाशी बोलल्याची नोंद करावी लागत नाही.

मामेबहीण आली. ठसठशीत बाई, गळ्यात मापाची फीत तशीच. दुकानातून उठून आली होती. डॉक्टरांना म्हणाली, "महिनाभर बघते. जमलं तर जमलं. कानात कोण बोलतं त्याचं मला भय नाही, माझ्याकडे गिऱ्हाइकं दिवसभर कानात बोलतात." डॉक्टर हसले. पण 'जमलं तर' हे दोन शब्द बाईंच्या मनात कुसळासारखे राहिले.

मधल्या दिवसांत नव्या सिस्टरनं चादरी केल्या. शिवणवालीनं टोकं धरली, घड्या नीट घातल्या, एक अक्षर बोलली नाही. नव्या सिस्टरनं 'संवाद नाही' लिहिलं, आणि यावेळी ते खरं होतं.

निघायच्या दिवशी बाई मुद्दाम थांबल्या होत्या. फाटकापाशी रिक्षा उभी होती, मामेबहीण बोचकं आत सारत होती. शिवणवाली बाईंपाशी आली.

"उंच सिस्टर कुठंय? इतके दिवस दिसली नाही, कुणी धड सांगत नाही."

"बाहेरच्या खिडकीवर. तिची चौकशी चालू आहे."

"माझ्यामुळं?"

"नाही. तिनं खोटं लिहिलं म्हणून. मी ते उघडं केलं म्हणून."

शिवणवालीनं त्यांच्याकडे बघितलं. ऊन तिच्या तोंडावर होतं, तरी डोळे बारीक केले नाहीत.

"भारी कात्री आहे तुमची," ती म्हणाली. "एका कापात दोघींना वॉर्डाबाहेर काढलंत. एकीला जायचं होतं, एकीला नव्हतं." मग थोड्या वेळानं, "मी भेटायला गेले तर तिला त्रास होईल का अजून?"

"होईल कदाचित. चौकशी संपेपर्यंत नको."

"मग तुम्ही सांगा. मी गेले म्हणून सांगा. आणि म्हणावं, तुमच्यासारखी चादर धरणारी मला दुकानात मिळणार नाही, पण मी शोधीन." ती रिक्षात चढली. मामेबहीण काहीतरी विचारत होती, आणि ती उत्तर देत होती, तोंड उघडून, रस्त्यात, कुणीही ऐकावं असं. रिक्षा वळली.

बाहेरच्या खिडकीवर रांग होती. काचेच्या मागं उंच सिस्टर वाकून बसली होती, ती खुर्ची तिच्या मापाची नव्हती. बाई बाजूनं आत गेल्या.

"गेली," त्या म्हणाल्या.

सिस्टरचं पेन थांबलं. "रडली का?"

"नाही. बोलली." आणि बाईंनी तिचे शब्द सांगितले, कात्रीचेही आणि चादरीचेही, एकही न गाळता.

सिस्टरनं तोंड फिरवलं. रांगेतला एक म्हातारा काचेवर टिचकी मारत होता.

"हे कुठं लिहू नका, मॅडम," ती म्हणाली.

"नाही."

"बघा हं."

"नाही लिहिणार."

सिस्टरनं नाक ओढलं, पदरानं नव्हे तर उपड्या हातानं पुसलं, आणि खिडकी पूर्ण उघडून म्हाताऱ्याला म्हणाली, "या आजोबा, बोला. काय होतंय?"